चीक खायचा म्हणून कुरडया

कुरडया बाजारात मिळतात, चांगल्या मिळतात, आणि घरी करायच्या खटाटोपाच्या मानाने जवळजवळ फुकटात मिळतात. बचत गटाच्या बायका त्या इतक्या पांढऱ्याशुभ्र आणि एकसारख्या गोल पाडतात की माझ्या कुरडयांनी त्यांच्या पंगतीला बसूच नये. हे सगळं मला मान्य आहे. होळीच्या सुमारास नवरा दर वर्षी हेच मुद्दे मांडतो, त्याच क्रमाने, आणि मी "बरोबर आहे तुझं" म्हणत गहू निवडायला बसते. कारण पाकिटात कुरडई मिळते, चीक मिळत नाही.

ज्यांनी चीक खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते (असे मराठी लोक आता निघायला लागलेत, माझ्या ऑफिसातच दोघं आहेत). गहू भिजवून, वाटून, पिळून जे दुधासारखं सत्त्व निघतं ते उकळत्या पाण्यात शिजवायचं. तो चीक. सोऱ्यातून पाडून तो उन्हात वाळवला की झाली कुरडई. म्हणजे या सगळ्या उद्योगाच्या मधोमध एक सकाळ अशी येते, की घरात पातेलंभर गरमागरम, चकचकीत, लिबलिबीत चीक तयार असतो आणि तो वाटीत घेऊन खाता येतो. वर्षातून तेवढी एकच सकाळ. माझं तर ठाम मत आहे की आपल्याकडच्या बायकांनी कुरडई शोधून काढली ती उरलेल्या चिकाचं काय करायचं या विवंचनेतून. पुरावा मागू नका. आमच्या घरातल्या माणसांची वागणूक हाच पुरावा.

आमच्याकडे या कार्यक्रमाच्या प्रमुख सासूबाई. उन्हाळा लागला की त्या संगमनेरहून पुण्याला येतात, येताना गहू घेऊन येतात. पुण्यात गहू मिळतो यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. गहू लोकवन, टपोरा, न किडलेला. गुडघ्यांमुळे त्यांना आता उभं राहवत नाही, त्यामुळे स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून त्या बसतात. खुर्ची अशा जागी असते की फ्रिज उघडायला गेलं तरी त्यांना विचारावं लागतं.

गहू धुऊन भिजत घातला की तीन दिवस तसा ठेवायचा आणि रोज पाणी बदलायचं. उन्हाळा कडक असला तर सकाळ-संध्याकाळ. सांगायला सोपं आहे. पण फ्लॅटमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तो गहू आपली हजेरी लावायला लागतो. आधी आंबूस, मग जरा जास्त आंबूस, आणि तिसऱ्या दिवशी तर लिफ्टमधून उतरल्या उतरल्या कळतं की कुठल्या मजल्यावर कुरडया होणार आहेत. समोरच्या घरात नवीनच राहायला आलेला मुलगा फार संकोचून विचारायला आला, "काकू, तुमच्याकडे ड्रेनेजचा काही प्रॉब्लेम आहे का?" मी त्याला गव्हाची बादली दाखवली. त्याने आत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. "हे खातात?" त्याला शनिवारी सकाळी सातला वाटी घेऊन ये म्हणून सांगितलं.

गव्हाचं ते पाणी मोरीत न ओतता झाडांना घालायचं, असा आईंचा दंडक. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) मी मात्र दर वर्षी त्यांना एक दिवस वाचवायचा म्हणून विचारून बघते, "आई, दोनच दिवस भिजवला तर?"

"अगं, गव्हाला कुठं घाई असती? तुलाच असती."

तिसऱ्या दिवशी गहू चिमटीत दाबला की पिचकन पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. आलं की भिजला.

गहू भिजत असताना खाली दुसरी आघाडी उघडलेली असते, ती गच्चीची. आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या दारावर पाटी आहे, 'गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे'. किल्ली सेक्रेटरी काकांकडे. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि बँकेतला स्वभाव घरी घेऊन आलेत. या वर्षी मी अभ्यास करून गेले होते. म्हटलं, काका, १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्या दिवशी चार पाकिटं भरली. आज त्याला आपण लिज्जत पापड म्हणतो. त्या गच्चीच्या दारावर अशी पाटी असती तर काय झालं असतं, विचार करा.

काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे तुम्ही उद्योग काढताय? व्यावसायिक वापराला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल."

"नाही हो काका. घरापुरत्या कुरडया. चीक खायचाय."

"चीक?" काका जरा थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दूध-साखर घालून?"

किल्ली मिळाली. लिज्जतच्या इतिहासाने काही झालं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी वाटण. आईंच्या माहेरी म्हणे टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं लोखंडी यंत्र होतं. वरून गहू टाकायचा, हँडल फिरवायचं. पोरं पाळीपाळीने फिरवायची आणि पाळी कोणाची यावर मारामारी करायची. माझ्याकडे मिक्सर आहे, आणि तो फिरवायची पाळी घ्यायला घरात कोणीही येत नाही. मिक्सरमध्ये पाणी घालून, थांबत थांबत फिरवायचं. गहू फुटला पाहिजे पण सालाचं पीठ व्हायला नको, नाहीतर चिकाला तांबूस रंग येतो. मग आधी पुरणाच्या चाळणीतून आणि नंतर आईंच्या मऊ झालेल्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळायचं. चोथ्यात पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा पिळायचं. पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत हे चालतं. मनगटं दुखतात. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला अचानक काम निघतं: नवऱ्याला मीटिंग, लेकाला क्लास, लेकीला पाठांतर. ती बारावी सायन्सला आहे, आणि पिळायला हात लावला नाही तरी दारात उभं राहून माहिती मात्र देते. "आई, गव्हातलं ग्लूटेन चोथ्यात राहतं बरं का. खाली जातो तो नुसता स्टार्च."

"ते ठीक आहे. तू पातेलं धर."

"माझं पाठांतर राहिलंय."

रात्रभर ते दूध झाकून, अजिबात न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळसर निवळ आलेली असते आणि तळाला चीक घट्ट बसलेला असतो, इतका की बोट रुतत नाही. निवळ हलक्या हाताने ओतून काढायची. या वेळी स्वयंपाकघरात कोणी बोलायचं नाही. आई स्वतः बोलतात, पण तो अपवाद.

आता पहाटेचे साडेपाच. आणि आता सगळे उठतात! कोणालाही हाक मारावी लागत नाही. एरवी रविवारी अकराला उठणारा लेक दात घासून ओट्याशी उभा असतो. नवरा विचारतो, "काही मदत?" शुक्रवारी संध्याकाळी हा माणूस कुठे होता असं विचारायचा मोह मी दर वर्षी आवरते, कारण हाटायला दणकट हात लागतो आणि तो त्याच्याकडे आहे.

प्रमाण सोपं आहे. जेवढा चीक तेवढंच पाणी. भांडं एकच घ्यायचं, त्यानेच दोन्ही मोजायचं. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, हिंग, चमचाभर तेल आणि मीठ. मीठ हात आखडूनच, कारण कुरडई वाळली की पाणी उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं. ओल्या चिकाला बरोबर वाटलेलं मीठ वाळल्यावर खारट लागतं. पाण्याला खळखळून उकळी आली की एकाने चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने लाटण्याने हाटत राहायचं. एका दिशेने, न थांबता. ओतणारी मी, हाटणारा नवरा, ओरडणाऱ्या आई.

"धार बारीक! अगं धार! तू हात चालव रे, बघतोस काय!"

पहिली दोन मिनिटं वाटतं, नुसतं पांढरं पाणी आहे, याचं काही होणार नाही. मग एकदम लाटणं जड होतं. नवऱ्याच्या कपाळावर घाम येतो. पांढरा रंग विरत जाऊन काचेसारखी झाक यायला लागते. लेक मागून सांगते की साठ अंशांच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात म्हणून हे होतं. आई म्हणतात, "मला चकाकीवरनं कळतंय." झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढायची. ओल्या बोटाने चीक दाबून पाहायचा. बोटाला चिकटला नाही तर झाला. कच्चा राहिला तर कुरडई वाळल्यावर हातात तुकडे होतात, म्हणून आई स्वतः खुर्चीतून उठून येतात आणि बोट लावतात. बोट लावल्यावर त्या बोलत नाहीत, नुसती वाटी पुढे करतात.

यानंतरची दहा मिनिटं म्हणजे आमच्या घराचा सण. चीक कसा खायचा यावर आमच्यात चार पंथ आहेत आणि चौघेही कडवे. नवरा दूध-साखर घालून खातो, तेही थंड दूध. लेक लोणकढं तूप आणि पिठीसाखर. आई शेंगदाण्याचं कच्चं तेल घालून, वर चिमूटभर लाल तिखट. गोड चीक खाणाऱ्यांकडे त्या एरवी प्रेमाने बघतात, पण त्या दहा मिनिटांत नाही. मी आंब्याच्या लोणच्याचा खार घालते. लेकीचा पंथ अजून ठरलेला नाही, म्हणून ती प्रत्येकाच्या वाटीतला थोडा थोडा खाते आणि सगळ्यांत जास्त खाते.

चमच्यातून तो ओघळत नाही, थरथरतो. जीभ भाजते, तरी कोणी फुंकर मारायला थांबत नाही. चव म्हणाल तर फार काही नाही, आणि तीच त्याची गंमत: आंबूसपणाची अगदी पुसट सावली, हिंग, आणि घशातून खाली उतरणारा ऊबदार मऊपणा. ज्या वासाने मजला हैराण केला होता तो शिजताना कुठे गेला कोण जाणे. सात वाजता समोरचा मुलगा आला, हातात खरोखरच वाटी. पहिला चमचा त्याने शंकेने खाल्ला. दुसरा घेतल्यावर विचारलं, "अजून किती वेळ असतं हे?" सेक्रेटरी काका सव्वासातला 'गच्चीचं दार नीट उघडलं ना' हे बघायला आले. दार वर आहे आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, पण ते आधी आमच्याकडे आले. चौथ्या मजल्यावरच्या तमिळ मामी तर स्टीलचा डबाच घेऊन आल्या. त्यांनी स्वतःच्या तांदळाच्या वडामचा शिजवलेला घाटा आणला होता, जिरं आणि हिरवी मिरची घातलेला. तोही आम्ही उभ्या उभ्या संपवला. मला वाटतं, सगळ्या प्रांतांतल्या बायकांनी वाळवणं याच एका स्वार्थापोटी काढली असावीत.

चीक तीन वाटे खाऊन झाल्यावर आई भानावर येतात. "अरे, कुरडयांना ठेवाल का काही?"

पाडायचं काम मी पटकन सांगते, कारण ते पटकनच करावं लागतं. चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून उतरतो, निवला की हटून बसतो. सोऱ्या पितळी, आईंच्या लग्नातला. भरला की इतका तापतो की ओलं फडकं गुंडाळल्याशिवाय धरवत नाही. गच्चीवर धुतलेली जुनी साडी अंथरायची, चारी कोपऱ्यांवर विटा. बारीक भोकांच्या ताटलीतून गोल गोल फिरवत कुरडई पाडायची, एकावर एक तीन वेढे. सुरुवातीच्या कुरडया गोल येतात, मधल्या अंडाकृती, आणि शेवटच्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या. सोलरच्या पाट्यांची सावली कुठे सरकणार हे आधीच ओळखून जागा धरावी लागते. ऊन डोक्यावर यायच्या आत संपलं पाहिजे.

मग राखण. कावळे पूर्वीपासून होतेच, आता पुण्यात कबुतरं. लेकाला काठी, टोपी आणि ताकाचा तांब्या देऊन बसवलं. मोबाइल न्यायची परवानगी होती, त्यामुळे त्याला राखण म्हणजे शिक्षा वाटली नाही आणि कबुतरांनाही फारशी वाटली नसावी. शेवटी मामींनी दोरीवर काळी छत्री उघडून टांगली, तेव्हा कुठे ती हटली. संध्याकाळी साडी तशीच उचलून आत आणायची. दुसऱ्या दिवशी साडीच्या मागच्या बाजूने पाणी शिंपडून कुरडया सोडवायच्या, उलटवायच्या, पुन्हा उन्हात.

पुण्यात राहायचं तर हवामानाच्या अंदाजाचा अभिमान बाळगावा लागतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, आणि शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. दुसऱ्या दिवशीचा अंदाज होता, दुपारनंतर मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता. मी तो आईंना वाचून दाखवला. "शक्यता तर संगमनेरला पण असती," असं म्हणून त्या वामकुक्षीला गेल्या.

साडेतीनला उजेड पिवळा पडला, धुळीचा लोट आला आणि पाठोपाठ गडगडाट. वळीव! जिन्यात एकदम पावलं वाजली. मी, मामी, मामींचे यजमान लुंगी सावरत, समोरचा मुलगा, सेक्रेटरी काका, पहिल्या मजल्यावरच्या पापडवाल्या मारवाडी भाभी. कोणाचं काय हे बघायला वेळच नव्हता. जे हाताला लागेल ते कवेत घेऊन सगळे जिन्याच्या छपराखाली. काकांनी 'सक्त मनाई'च्या पाटीला पाठ टेकून माझ्या साडीची दोन टोकं धरली होती. सर आली तशी वीस मिनिटांत गेली. खाली येऊन वाटणी केली तर माझ्या परातीत मामींचे वडाम, मामींच्या सुपात भाभींचे मुगाचे पापड, आणि माझ्या कुरडयांचा एक गठ्ठा काकांच्या घरी पंख्याखाली. तो गठ्ठा परत आला तेव्हा जरा हलका वाटला. पण अर्धवट वाळलेली कुरडई नुसती चघळायला छान लागते, हे मलाही माहीत आहे, त्यामुळे बोलले नाही.

पुढे चार दिवस कडक ऊन मिळालं. हातात घेतल्यावर कडकड वाजायला लागल्या की डब्यात.

चोथा टाकायचा नसतो. त्यात तीळ, लाल तिखट, मीठ, जिरं घालून आईंनी बसल्या जागी भुसवड्या घातल्या. दिसायला ओबडधोबड, पण तळून वरण-भाताबरोबर कुरडईपेक्षा मला त्याच जास्त आवडतात. हे मत घरात उघडपणे मांडता येत नाही.

तळणीचा पहिला मान अक्षय्य तृतीयेला, आमरस-पुरणपोळीबरोबर. तेल चांगलं तापलेलं हवं. कोमट तेलात कुरडई फुलत नाही, नुसतं तेल पीत बसते. तापलेल्या तेलात सोडली की आत राहिलेल्या कणभर ओलाव्याची वाफ होते आणि ती चिमुकली जाळी क्षणात कढई भरून टाकते. लगेच उलटायची, लगेच काढायची, रंग बदलता कामा नये. आईंनी एक तुकडा मोडला, आवाज ऐकला, मग खाल्ला. "बरी आहे," म्हणाल्या. त्यांच्या शब्दकोशात याच्या वरचा शब्द नाही.

डब्याच्या तळाला जो चुरा जमतो त्याची भाजी होते. चुरा गरम पाण्यात भिजवून निथळायचा आणि कांदा, मोहरी, हळद, तिखटाच्या फोडणीत परतायचा. वर कोथिंबीर. पावसाळ्यात भाजी महागली की फार कामाला येते, आणि भिजल्यामुळे तिला थोडीशी चिकाचीच चव येते. म्हणून चुरा जुलैतच संपतो. परवा लेकाने डबा जरा जोरातच ओट्यावर आपटून ठेवला. आईंना फोनवर सांगितलं तर तिकडून निकाल आला, "अख्खी कुरडई मोडणाऱ्याला पुढल्या वर्षी वाटी नाही, सांग त्याला."